सैलानीला जा, पण ओपीडीची चिठ्ठी खिशात ठेवा

(पुसद येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. मला इथं बोलावलं त्याचं कारण एवढंच की माझ्या चुलतभावाला आम्ही गेली आठ वर्षं मानसोपचाराच्या ओपीडीत नेतोय. दर वेळी मी नसतो. कधी चाचा जातात, कधी माझी बहीण. पण त्याच्या केसपेपरांची फाईल माझ्याकडे असते आणि ती आता चांगली जाडजूड झाली आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते निम्मं वाचलेलं आणि निम्मं ओपीडीच्या बाकड्यावर बसून कळलेलं आहे. भावाला विचारूनच आलोय. त्याची अट एकच होती, माझं नाव घ्यायचं नाही आणि गाव सांगायचं नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्य हा शब्द काढला की समोरचा लगेच शेतकरी आत्महत्यांवर बोलायला लागतो. ते स्वाभाविक आहे. कपाशी, कर्ज, नापिकी हे सगळं आपण पाहिलंय. सरकारनं २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो त्यासाठीच, आणि १०४ नंबरवर समुपदेशन मिळतं हे आता पुष्कळांना माहीत आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण या चर्चेत एक माणूस कायम बाहेर राहतो. तो एकटाच बोलतो, रात्रभर जागा असतो, घरच्यांनी केलेला चहा विष घातलंय म्हणून ओतून देतो. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. मोहल्ल्यात त्याला पागल म्हणतात, जास्त दया आली तर ‘उस पर असर है’ म्हणतात. मी त्याच्याबद्दल बोलणार आहे.

डॉक्टर या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. एकच आजार नव्हे, आजारांचा गट आहे. स्किझोफ्रेनिया त्यातला सगळ्यात माहितीचा, मराठी पुस्तकांत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. बायपोलर आजारात किंवा खूप तीव्र नैराश्यातही सायकोसिस होऊ शकतो. त्याच्या खुणा मुख्यतः दोन. एक भास, म्हणजे जे नाही ते ऐकू येणं किंवा दिसणं. ऐकू येणं जास्त. दुसरा भ्रम, म्हणजे एखादी खोटी गोष्ट इतकी पक्की खरी वाटणं की कुराणावर हात ठेवून सांगितलं तरी पटत नाही. त्याशिवाय बोलण्याची संगती तुटते. आणि एक बाजू घरच्यांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे माणूस हळूहळू आटत जातो. अंघोळ करत नाही, मित्र सोडतो, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. त्याला घरचे आळस म्हणतात. माझ्या भावाला दीड वर्षं सगळे कामचुकार म्हणत होते.

तो तेव्हा एकवीस वर्षांचा, पॉलिटेक्निकला. पहिल्यांदा झोप गेली. मग कॉलेजला जाणं थांबलं. मग त्यानं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मी स्वतः लॅपटॉपवर लावतो. मग टीव्हीवरचा बातम्या देणारा आपल्याकडे बघून बोलतो असं म्हणायला लागला. आणि शेवटी, बाहेर पोलिसांची गाडी उभी आहे, ते माझी यादी करतायत.

इथं थोडं थांबतो, कारण ही आपल्या घरातली खास अडचण आहे आणि कुठल्या पुस्तकात मी ती वाचली नाही. भ्रम हवेतून येत नाही, भोवतालच्या मातीतून येतो. पूर्वी लोकांना रेडिओतून संदेश यायचे, आता मोबाईलमधून येतात. आणि मुसलमान पोरगा जेव्हा म्हणतो की पोलीस माझ्यावर नजर ठेवून आहेत, तेव्हा घरचे त्याला आजारी समजत नाहीत, घाबरतात. चाचांनी तर महिनाभर त्याला घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. ‘तू कुणाच्या ग्रुपमध्ये होतास? काय फॉरवर्ड केलंस?’ अशी घरातच चौकशी. पेपर वाचणाऱ्या माणसाला ती भीती अगदी बिनबुडाची वाटत नाही, हीच तर पंचाईत. मग फरक कसा ओळखायचा? नंतर एका डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. खरी भीती पुराव्यानं कमी-जास्त होते. वकिलाशी बोललं, ठाण्यात विचारून आलं, तर माणूस थोडा निवतो. भ्रम निवत नाही, उलट पसरतो. आज पोलीस, उद्या वकीलही त्यांनाच मिळालेला, परवा अम्मीसुद्धा. आणि त्याबरोबर झोप, जेवण, काम सगळं कोलमडतं. ‘तुझी भीती खरी की खोटी’ या वादात पडायचंच नाही. ‘तू किती दिवस झोपला नाहीस?’ हे विचारायचं.

असं का होतं, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, गर्भातल्या आणि बाळंतपणातल्या काही गुंतागुंतींचा आहे, कोवळ्या वयात भरपूर गांजा ओढण्याचा आहे. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचं काम बिघडतं हे मात्र नक्की दिसतं. कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यावं हे ठरवण्यात त्या रसायनाचा हात असतो. आमच्या धंद्यातलं सांगतो. सर्व्हर बिघडला तर मेसेज यावा म्हणून आम्ही अलार्म लावून ठेवतो. त्याची मर्यादा चुकून फार खाली लागली तर रात्रभर फोन वाजत राहतो, आणि शंभर वेळा वाजल्यावर माणसाला वाटतं, काहीतरी मोठं घडतंय खरं. भावाचं तसंच होतं. गाडीचा हॉर्न, शेजारणीचं खोकणं, बातम्यांतला एखादा शब्द, सगळंच त्याच्यासाठी महत्त्वाचं झालं होतं, आणि त्या सगळ्याची गोष्ट जुळवताना त्याला पोलीस सापडले. दुसऱ्या घरात जिन्न सापडतो, तिसऱ्या घरात करणी.

जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो विशीच्या आगेमागे सुरू होतो, मुलांना मुलींपेक्षा थोडा आधी. म्हणजे नेमकं तुमचं वय. २०१५-१६ साली निम्हान्सनं १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडेल असा आहे. सायकोसिस असलेल्या चार जणांतले सुमारे तिघे उपचाराविना होते.

आता प्रत्येक विचित्र वागणं म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे, हेही तेवढंच महत्त्वाचं. एखादा माणूस काल ठीक होता आणि आज अचानक बडबडतोय, त्याला दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखत नाही, तर आधी साध्या डॉक्टरकडे किंवा कॅज्युअल्टीत न्या. ताप मेंदूत गेला असेल, डोक्याला मार असेल, साखर उतरली असेल. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत त्याला भास होतात, त्यात जीव जाऊ शकतो. आणि आपल्या जिल्ह्यात फवारणी विसरू नका. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना इथं किती माणसं विषबाधेनं दवाखान्यात आली आणि किती परत गेली नाहीत हे आपल्याला माहीत आहे. कीटकनाशक अंगात गेलेला माणूसही भ्रमिष्टासारखा करतो. त्याला आधी तावीज बांधत बसलात तर वेळ गेला. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाई असं काही बोलू लागली, विशेषतः बाळाबद्दल, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथं ‘चाळीस दिवस होऊ द्या’ चालणार नाही.

आमच्याकडे काय झालं? जे बहुतेक घरांत होतं तेच. आधी पेपरचा ताण, मग नजर, मग कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं. एका आमिलनं तीन बैठकांचे अठरा हजार घेतले. एका खासगी दवाखान्यात दहा दिवस इंजेक्शनं दिली, आजाराचं नाव कुणी सांगितलं नाही, चिठ्ठीवरचं अक्षर मेडिकलवाल्यालाही लागेना. आणि चाची त्याला दोनदा सैलानीला घेऊन गेल्या.

सैलानी बाबांचा दर्गा बुलढाणा जिल्ह्यात, पिंपळगाव सराईजवळ. तुमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं तरी तिथं जाणं झालं असेल. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि हिंदू-मुसलमान सगळ्याच घरांतली अशी माणसं तिथं आणली जातात. मी चाचींबरोबर गेलोय. तिथं मी पाहिलं ते खरं सांगतो. चाची आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणाशी तरी मोकळं बोलल्या. शेजारी नांदेडची एक बाई मुलीला घेऊन आली होती, दोघी रात्रभर बोलत बसल्या. गावात ज्याबद्दल तोंड दाबून बसायचं ते तिथं उघड होतं, कुणी हसत नव्हतं. दर्ग्यावर जाणाऱ्यांना अडाणी म्हणून झोडपणाऱ्या सुशिक्षित मंडळींना हे दिसत नाही. त्यांच्याकडे त्या बाईसाठी दुसरी जागा कुठं आहे?

पण त्याच परिसरात पायात साखळी असलेला माणूसही मी पाहिला. तिथं मात्र मी श्रद्धा वगैरे ऐकून घेत नाही. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे, तिथंही प्रसिद्ध दर्गा आहे. दर्ग्याच्या आसपास लोकांनी खासगी ‘मनोरुग्ण गृहं’ उघडली होती, रुग्णांना खांबाला बांधून ठेवायचे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका झोपडीला आग लागली. साखळ्या होत्या, पळता आलं नाही. २८ जण मेले. आग दर्ग्यात नव्हती, धंदेवाल्यांच्या झोपडीत होती, तरीही तिथं माणसं पोहोचली ती आपल्यासारख्या घरांतून, आईबापांच्या हातांनी, बरं होईल या आशेनं.

आज हे कायद्यानंही बंद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात रुग्णाला साखळीनं बांधायला सरळ मनाई आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तर भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याला गुन्हा म्हणतो. त्या कायद्याचं नाव घेतलं की काही लोक म्हणतात, हा आमच्या धर्मावर हल्ला. मी त्यांना विचारतो, मिरचीची धुरी कुठल्या धर्मात सांगितलीय?

आणि दर्ग्यासोबत दवाखाना चालू शकतो, हे गुजरातनं करून दाखवलंय. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातारचा दर्गा आहे, तोही अशाच रुग्णांसाठी प्रसिद्ध. तिथं एका संस्थेनं सरकारच्या मदतीनं दर्ग्याच्या आवारातच मानसोपचार सुरू केला. आधी खादिमांना आजाराच्या खुणा शिकवल्या. खादिम दुआ करतो आणि म्हणतो, आता त्या खोलीत डॉक्टरसाहेब बसलेत, त्यांनाही दाखव. खादिमनं सांगितलेलं लोक ऐकतात, माझ्यासारख्यानं सांगितलेलं ऐकत नाहीत. तुमच्यापैकी ज्यांचे वडील-चुलते कुठल्या दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या कमिटीवर आहेत, त्यांनी हे एकदा घरी बोलून बघा. आरोग्य खात्याला पत्र लिहायला मी मदत करतो.

आता ओपीडी. लोकांच्या डोक्यात मानसोपचार म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय, उंच भिंत आणि शॉक. वास्तव असं की सायकोसिसचे बहुतेक रुग्ण घरी राहून, ओपीडीत येऊन-जाऊन उपचार घेऊ शकतात. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातसुद्धा ओपीडी आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एवढंच विचारायचं, मानसोपचाराचे डॉक्टर इथं येतात का आणि कोणत्या वारी. उमरखेडच्या लोकांना यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, नांदेड जवळ. वणीकरांना चंद्रपूर जवळ. जवळचं धरा. नाव मोठं असलेल्या लांबच्या डॉक्टरपेक्षा दर महिन्याला एसटीनं गाठता येईल असा डॉक्टर बरा, कारण हा उपचार एका फेरीचा नाही. आणि जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

पहिल्या ओपीडीत काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. गर्दी असते. डॉक्टरांना तुमच्यासाठी दहा मिनिटं मिळाली तर खूप. माझ्या भावाला विचारलं, ‘आवाज ऐकू येतात का?’ तो म्हणाला, नाही. खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी ते ‘आवाज’ नव्हतेच, शेजारचे लोक खरोखर बोलत होते. शिवाय घरी आपण उर्दू-हिंदी बोलतो, डॉक्टर मराठीत विचारतात, आणि ‘वहम’, ‘वसवसा’, ‘घबराहट’ या शब्दांत काय काय येतं ते चिठ्ठीत उतरत नाही. म्हणून दुसऱ्या वेळेपासून मी एक काम केलं. घरून एक पान लिहून नेलं. झोप कधीपासून गेली, पहिली विचित्र गोष्ट कोणती आणि कोणत्या महिन्यात, तो स्वतः कोणते शब्द वापरतो ते त्याच्याच भाषेत, आधी कोणती औषधं झाली, घराण्यात आणखी कुणाला असं होतं का, गांजा-दारू काही आहे का, मरणाबद्दल बोलतो का. आमच्याकडे काही बिघडलं की लॉग बघतात, कधी काय झालं याची नोंद. तेच. डॉक्टरांनी ते पान वाचलं, फाईलला लावलं आणि मग नेमके प्रश्न विचारले. एखादी गोष्ट रुग्णासमोर बोलता येत नसेल तर तीही पानावर चालते.

औषधांबद्दल. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमझीन आलं आणि या आजाराचा नूर पालटला. आज रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल अशी कितीतरी आहेत, बरीच स्वस्त आहेत. ही झोपेची औषधं नाहीत, गुंगी काहींनी येते पण तो त्यांचा उद्देश नाही. झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, भ्रमाची पकड सैल व्हायला चार-सहा आठवडे लागतात. आमच्याकडे बाराव्या दिवशी चाचा म्हणाले, काही फरक नाही, बंद करू. धीर धरायला लागला.

त्रासही होतात आणि ते लपवून चालणार नाही. काही औषधांनी हातपाय आखडतात, थरथर येते, एका जागी बसवत नाही. त्यावर दुसरी गोळी असते किंवा डोस बदलतात. काहींनी वजन आणि साखर वाढते, म्हणून वजन आणि रक्त तपासत राहायचं. बायकांची पाळी थांबू शकते, आणि त्या लाजेनं सांगत नाहीत. गर्भ राहायचा असेल किंवा राहिला असेल तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, औषध बदलावं लागू शकतं. दोन औषधं नीट घेऊनही उतार पडला नाही तर क्लोझापिन असतं, त्यासाठी नियमित रक्त तपासावं लागतं कारण पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो. आणि जो रोज गोळी घेत नाही त्याच्यासाठी दोन आठवड्यांनी किंवा महिन्यानं घ्यायचं इंजेक्शन आहे. माझ्या मते आपल्याकडे त्या इंजेक्शनबद्दल फार कमी लोक विचारतात. रोज सकाळी ‘गोळी घेतली का’ यावरून बापलेकांत होणारी भांडणं त्यानं थांबतात. चहात गोळी कुटून घालणं मात्र टाळा. ज्याला आधीच विषाचा संशय आहे त्याला एक दिवस ते कळतं, आणि मग त्याचा भ्रम खरा ठरतो.

बरं वाटलं की गोळी बंद, हा सगळ्यात मोठा खड्डा. पहिल्या झटक्यानंतरही साधारण वर्ष-दोन वर्षं औषध चालवतात, काहींना पुढेही. कमी करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू. भावाचं तिसऱ्या वर्षी उलटलं, दोन महिने औषध सुटलं होतं. पुन्हा सावरायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

रमजान येतो तेव्हा हा प्रश्न घराघरांत उभा राहतो आणि डॉक्टरांना विचारायला लोक लाजतात. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे लहान पोरालाही माहीत आहे, तरी मानसिक आजाराला आपण आजारात धरत नाही. पुष्कळांच्या गोळ्या इफ्तारनंतर आणि सहरला अशा बसवता येतात. पण ते रमजानच्या आधीच्या ओपीडीत ठरवायचं, स्वतःच्या मनानं नाही. बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांनी तर नक्कीच विचारावं, कारण दिवसभर पाणी न पिता उन्हात राहिलं तर अंगातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. आणि रात्री जागरणानं झोप मोडते. माझ्या भावाचा हिशेब असा आहे की तरावीह पढतो, पण गप्पांचा फड जमला की उठून घरी येतो.

दाखल कधी करायचं? जेव्हा तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवावर उठलाय, किंवा अन्नपाणी सोडलंय. तेव्हा त्याची इच्छा नसली तरी कायद्यात ठरावीक मुदतीसाठी दाखल करायची तरतूद आहे, आणि त्याच्या हक्कांचं रक्षणही आहे. शॉकची भीती वाटते त्यांना सांगतो, भूल न देता शॉक देणं या कायद्यानं बंद केलंय. बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा बिघडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत आणि माझ्या वतीनं कुणी ठरवायचं. भावानं माझ्या बहिणीचं नाव लिहिलंय. माझं नाही. बरोबर आहे, मी पुण्यात असतो.

घरात कसं बोलायचं, यावर एकच सांगतो. ‘पोलीस नाहीयेत’ म्हणून वाद घालू नका, ‘हो, आहेत’ असंही म्हणू नका. ‘मला गाडी दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय, मी इथंच बसतो’ एवढं पुरतं. टोमणे, आरडाओरडा, सतत उणीदुणी ज्या घरात जास्त, तिथं आजार लवकर उलटतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय.

आता लग्न. हा विषय काढला की सभेत मोठी माणसं खाली बघतात. ‘निकाह करून टाका, बरा होईल.’ नाही होणार. लग्न म्हणजे झोप मोडणं, खर्च, नवी जबाबदारी, आणि त्या गडबडीत मुलीकडच्यांना कळू नये म्हणून पंधरा दिवस गोळ्या बंद. मी असं एक लग्न पाहिलंय, वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. त्या मुलीनं काय करायचं? १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवरा दोन वर्षं वेडा असेल तर बाईला न्यायालयाकडून फारकत मागता येते, पण तिथपर्यंत पोहोचणाऱ्या मुली किती? आणि मुलीला आजार असेल तर तिला दोन महिन्यांत माहेरी आणून सोडतात, तिला कुठलं न्यायालय विचारतं? सायकोसिस असलेल्या माणसानं लग्न करू नये असं मी म्हणत नाही. औषधावर नीट असलेले, संसार करणारे लोक मला ओळखीचे आहेत. पण समोरच्याला आधी सांगायचं, आजाराचं नाव आणि गोळ्यांची नावं सांगायची, त्यानंतर होकार आला तर तो होकार. एक स्थळ जाईल, दोन जातील. भावाची तीन गेली.

भाऊ आता झेरॉक्सच्या दुकानात बसतो. पॉलिटेक्निक पूर्ण झालं नाही. हात थोडे थरथरतात, पावसाळ्यात झोप बिघडली की कान टवकारतो, मग स्वतःच बहिणीला सांगतो, तारीख लवकरची घे. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. तो म्हणतो, बाजूच्या दुकानात रेडिओ लागल्यासारखा असतो, गिऱ्हाईक आलं की विसरतो. देवराई हा सिनेमा आला होता २००४ साली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, अतुल कुलकर्णीचं काम. आम्ही तो त्याच्यासोबत बसून पाहिला. संपल्यावर तो म्हणाला, ‘इसकी बहन अच्छी है.’ दुसरं काही बोलला नाही.

प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, पण औषधांचे डोस मला विचारू नका, ते माझं काम नाही. मी पन्नास कोरे कागद आणि पेनं आणली आहेत. ज्यांच्या घरात किंवा शेजारी असं कुणी आहे त्यांनी थांबा, ओपीडीत न्यायचं ते एक पान आपण आत्ताच लिहू. नाव लिहायची गरज नाही. झोप कधीपासून गेली, तिथून सुरुवात करा.